तीन दातांची फणी

७ सप्टेंबर, बोटीवर, दुपारी

बाळ,

चष्मा शोधणं थांबव, कपाळावर आहे. आता तो खाली ओढ आणि वाच. आख्ख्या गावाला चष्मे लावणारा माणूस स्वतःचा चष्मा दिवसातून चारदा हरवतो, हे मी इथल्या आचाऱ्याला सांगितलं, तर हसता हसता त्याचा कांदा करपला.

पत्र कोण लिहितंय हे अक्षरावरून कळलंच असेल. सगळे म्हणतात, भिंगरीचं वळण अगदी बापासारखं. मला काय, तुम्हा दोघांचं अक्षर सारखंच, एकाचंही वाचता येत नाही. तुमचा अबोला आहे, मान्य. पण मी शाळेची पायरी चढलेली नाही आणि या बोटीवर मला मनापासून लिहून देईल असं तूर्तास हेच एक माणूस. तेव्हा जिच्याशी तू बोलत नाहीस तीच माझा हात झालीय. (लेखनिक फक्त ऐकलेलं उतरवून घेते. दुकानदारांनी यातून कुठलाही अर्थ काढू नये.) बघ, मी गप्प बसले होते आणि पेन चालतच होतं. विचारलं, काय लिहिलंस गं? म्हणे, स्वल्पविराम. एवढा लांब स्वल्पविराम?

म्हणून मी एक युक्ती काढलीय. तुझ्या दुकानाच्या भिंतीवर अडाण्यांसाठी वेगळा तक्ता आहे ना, अक्षरांच्या जागी नुसत्या तीन दातांच्या फण्या, कुणाचे दाते वर, कुणाचे खाली, कुणाचे डावीकडे नि उजवीकडे? तू ही कला शिकत होतास तेव्हा तुला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून रोज मला स्टुलावर बसवायचास. "आई, दाते कुठे?" "वर." "आता?" "खाली." दूध उतू गेलं तरी उठू द्यायचा नाहीस. जगात मला वाचता येतात ती तेवढीच चार अक्षरं. तर यापुढे प्रत्येक पत्राखाली मी माझ्या हाताने फणी काढणार. दाते वर असले तर मी ठणठणीत आहे आणि वरचा मजकूर माझाच आहे. दाते खाली असले तर काहीतरी बिनसलंय असं समज.

आता मुख्य गोष्ट. मी इथे का आहे म्हणून तू अजून धुसफुसत असशील, तर लक्षात ठेव, हे तुझ्याच तोंडचं आहे. "समुद्रावरच्या कॉलेजात एकटी जायचं नाही. घरातलं कुणी सोबत असेल तरच!" असं ओरडलास. घरात आणखी कोण कोण आहे ते मात्र बघायला विसरलास. मी होते. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. बोटीच्या शिवणघरात एक बाई हवीय हे भिंगरीने कागदावरून वाचून दाखवलं, आणि त्याच दुपारी मी सुयांचा डबा बांधला. तेव्हाचं तुझं तोंड मी अजून रोज आठवते. फार करमणूक होते.

तुझा राग पाटीवरून आहे, मला ठाऊक आहे. दुकानाच्या पाटीवर तुझ्या नावापुढे "आणि कन्या" असं रंगवून घेतलंस. अक्षर केवढं असावं हे रंगाऱ्याला विचारलंस, रंग कोणता हे शेजारच्या शिंप्याला विचारलंस. कन्येला विचारायचं तेवढं राहिलं. आणि पाटी वाळते न वाळते तोच कन्येने या बोटीचं पत्र आणून तुझ्या काउंटरवर ठेवलं.

धक्क्यावर सोडायला आला नाहीस. दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणालास. रविवार होता, बाळ. रविवारी तू दुकान उघडत नाहीस.

असो. इथे सगळं पक्कं बसवलेलं आहे. खुर्च्या जमिनीला, पुस्तकांपुढे दांडा, जेवणाच्या टेबलाला चहूकडून काठ, म्हणजे ताट पळून जायला नको. फक्त पोरं तेवढी मोकळी. समुद्र शिकायला आलेली तुझी मुलगी पहिले तीन दिवस मांडीवर बादली घेऊन बसली होती. (दीड दिवस.) मला काही झालं नाही. मी शिवणघरात बसून अकरा शर्टांची बटणं लावली.

तुझी,
आई

(दाते वर आहेत. मी तपासले.)


२९ सप्टेंबर, बोटीवर, सकाळी

बाळ,

तुझा डबा बंदरात मिळाला. भाजलेले दाणे आणि सुकी अंजिरं, आणि वर कागद, "फक्त आईसाठी". मला वाचता येत नाही हे विसरलास. तो कागद मला भिंगरीने वाचून दाखवला. दोन्ही शब्द वाचले, डबा माझ्यापुढे सरकवला आणि वर्गाला निघून गेली. मी म्हटलं, अगं चार दाणे तरी घे. तर म्हणाली, "माझं नाव नाहीये त्याच्यावर." अगदी तुझ्याच आवाजात. मग मी डबा उघडलाच नाही. आचाऱ्याच्या फडताळात ठेवून दिलाय. तो दोनदा विचारून गेला, आजी, अंजिरांचं काय करायचं?

आता इथल्या शिक्षणाविषयी सांगते. या पोरांना सोमवार-रविवार नाही. तास सुरू असतो, मध्येच भोंगा होतो, की सगळी वह्या टाकून पळत वर. तिकडे जाळं टाकायची वेळ झालेली असते. परत येतात ती ओल्या पायांनी, आणि लगेच निबंध. खोली आम्हा दोघींत एक. माझा पलंग खाली, तिचा वर. तिची पुस्तकं मात्र माझ्या पलंगावर, कारण म्हणे वरून पडतात. भिंतीत एक गोल खिडकी आहे. तिच्यातून पाणी बघायचं, की मग वर डोळे करून आणखी पाणी बघायचं.

समुद्राचं पाणी शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना सगळी पाणीबाईच म्हणतात. त्यांच्या तासाला मी मागच्या खुर्चीवर मोजे रफू करत बसते. परवा त्यांनी विचारलं, समुद्रातल्या धुळीएवढ्या जिवांना कुणी खाल्लं नाही तर काय होईल? सगळी पोरं वह्या चाळायला लागली. मी म्हटलं, "पाण्याला घाण वास सुटेल, दुसरं काय? भांडं न घासता ठेवून बघा." बाई म्हणाल्या, बरोबर. तुझ्या मुलीने तोंड वहीत घातलं. (लाजेने नव्हे. हसू येत होतं.)

तर हेच जीव तुझी मुलगी शिकते. सुपाएवढ्या तोंडाचं, टोपीसारखं निमुळतं एक बारीक जाळं असतं, इतकं बारीक की पीठही त्यातून गळणार नाही. ते बोटीमागे ओढायचं, वर काढायचं, तळाशी जे थेंबभर साठतं ते काचेवर घेऊन भिंगाखाली बघायचं. मलाही दाखवलं. अरे, एक जीव काचेच्या बांगडीसारखा, एकाला शिंगं, एक तर अगदी आपल्या शिंप्यासारखा, पोट पुढे नि हात छोटे! मी बाजूला सरेना. मागे चौदा पोरं रांगेत.

गेल्या गुरुवारी ते जाळं कशालातरी अडकून वीतभर फाटलं. दुसरं जाळं पुढच्या बंदराशिवाय मिळणार नव्हतं, आणि भिंगरीचा महिन्याभराचा तक्ता रोजच्या थेंबावर चाललेला. चार दिवस चुकले तर सगळंच फुकट. ती जाळं कवटाळून शिवणघरात आली. रडली नाही. नाक मात्र लाल. म्हणाली, "आजी, हे होणार नाही ना?" मी म्हटलं, आधी सुयांचा डबा दे माझा.

आणि डब्याच्या तळाशी, चिंध्यांच्या खाली, काय सापडावं? तुझं ते भिंग. तू डोळ्यात अडकवून चष्म्याचे बारीक स्क्रू बसवतोस ते. तुझं रोजचं. मी काही ते ठेवलं नव्हतं. भिंगरीने ठेवलं नव्हतं. डब्याला पाय फुटून तो तुझ्या टेबलावर चढून आला असेल, दुसरं काय?

मी ते डोळ्यात अडकवलं. एक एक धागा दोरखंडाएवढा दिसायला लागला. दोन दिवस रफू केलं. दुपारी ऊन चांगलं यायचं तेवढाच वेळ डोळा चालायचा, बाकी वेळ भिंगरी माझ्या बाजूला बसून सुईत धागा ओवायची. आणि पहिला धागा तिने कसा ओवला सांगू? सुई डाव्या हातात, कोपर टेबलावर, श्वास धरून. तू स्क्रू बसवताना धरतोस तसा. काउंटरमागच्या खोक्यात वाढलेली पोर, तिची आई गेल्यापासून तुझंच काम बघत बसायची. जाईल कुठे ते?

शनिवारी जाळं पाण्यात गेलं. पाणीबाईंनी त्यातला थेंब बघितला आणि माझा हात हातात घेऊन हलवला, पुरुषांसारखा. म्हणाल्या, आजी, हे जाळं आता आधीपेक्षा बारीक झालंय. (खरं आहे. रफू केलेल्या भागात एक असा जीव अडकला जो आधी कधीच मिळाला नव्हता. शिंगं सहा.)

भिंगाचं कुणाला सांगितलं नाही. फक्त बोटीवरच्या सगळ्यांना सांगितलं.

बोट फार हलतेय. फणी काढते आणि थांबते.

तुझी,
आई


१८ ऑक्टोबर, बोटीवर, जेवणानंतर

बाळ,

अक्षर बघून दचकू नकोस, आज आचारी लिहितोय. डाग तेलाचे आहेत. भिंगरी आत्ता वर्गात आहे आणि मला तिच्यासमोर न बोलता येणारं बरंच काही बोलायचं आहे.

आधी तुझ्या फोनची गोष्ट. मागच्या पत्रातल्या फणीचे दाते खाली होते म्हणे. असतील. बोट हलत होती, कागद उलटा धरला गेला असेल, म्हातारं माणूस. त्यावरून तू थेट बोटीला फोन करशील असं मला कसं वाटावं? बोटीचा फोन म्हणजे आगबिग लागली तरच वापरायचा. आणि फोनच्या खोलीत विद्यार्थ्यांच्या पाळ्या असतात. मंगळवारी नि शुक्रवारी चार वाजता कुणाची असते, हे मी तुला कळवलं नव्हतं. पत्र तुला कुठल्या वारी मिळेल हे तर मला ठाऊक असायचं कारणच नाही.

(आचारी म्हणतो, आजी, हे मी असंच लिहू? लिही म्हटलं.)

भिंगरीने मला जे सांगितलं ते असं. फोन वाजला. ती म्हणाली, बोलतेय. तिकडून तू ओरडलास, "माझ्या आईला काय झालंय?" आवाज ओळखला नाहीस, चष्म्याबरोबर कानही कपाळावर. ती म्हणाली, "आजीला काही झालेलं नाही. आजी आचाऱ्याला मीठ किती घालायचं ते शिकवतेय." मग म्हणे, तुझा नुसता श्वास. मग तू विचारलंस, "जेवलीस का?" ती म्हणाली, "हो." तू म्हणालास, "बरं." आणि ठेवलास. चार महिन्यांच्या अबोल्यानंतर बापलेकीचं एवढं भाषण! ती खाली आली, माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "आजी, बाबांनी विचारलं जेवलीस का." हेच तीनदा सांगितलं. मग आचाऱ्याकडे जाऊन दुसऱ्यांदा जेवली.

हसून झालं असेल तर आता नीट ऐक.

ही बोट डिसेंबरच्या पाच तारखेला ज्या बंदराला लागेल तिथे सगळी पोरं उतरणार. फक्त चौघं पुढे सहा महिने राहणार, याच जिवांचा अभ्यास पुरा करायला. पाणीबाईंनी निवडलेल्या चौघांत पहिलं नाव तुझ्या मुलीचं. पण पालकाच्या सहीचा कागद लागतो. माझा अंगठा चालेल का म्हणून मी कचेरीतल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, आजी, तुमचा अंगठा मला फार आवडला, पण बापाची सहीच हवी. तो कागद तीन आठवडे भिंगरीच्या सगळ्यात जाड पुस्तकात दाबून ठेवलेला आहे. तुझ्याकडे पाठवत नाही. म्हणते, "नाही म्हणाले तर? त्यापेक्षा विचारलंच नाही तर बरं." पाच तारखेला कागद नसेल, तर तीही उतरेल आणि तुझ्या काउंटरमागे मुकाट येऊन बसेल. तुला वाटेल, जिंकलो.

तो कागद मी पुस्तकातून काढलाय. याच पाकिटात आहे.

मी पुढे थांबणार नाही. गुडघ्यांना जिना पुरे झाला. म्हणजे पुढचं ती एकटी. तुझी अट मोडणार आहे, हे मी लपवत नाही.

एवढंच सांगते. तू दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलतोस आणि विचारतोस, "ही बरी की ही? आता स्पष्ट दिसतं की मघाशी?" अनोळखी माणूस असला तरी दहादा विचारतोस, कंटाळत नाहीस. त्याने सांगितल्याशिवाय नंबर ठरवत नाहीस. स्वतःच्या मुलीला एकदाही विचारलं नाहीस. मी तिच्या डोळ्याला भिंग लागलेलं रोज बघते. तिला स्पष्ट दिसतं, बाळ. तुझ्याइतकंच स्पष्ट.

धक्क्यावर न येता डब्यात भिंग ठेवणारा माणूस काय करील, हे बघायला मी बसलेय.

आज फणी काढत नाही. आचारी वरचं सगळं मी बोलले तसंच लिहितो. मीठ सोडलं तर माणूस बरा आहे.

तुझी,
आई


१४ नोव्हेंबर, बोटीवर, सकाळी

बाळ,

हात कमरेवर ठेव, डोळे मिट आणि खरं सांग. सही करताना चष्मा कुठे होता?

क्रमाने सांगते. तुझं पाकीट बंदरात आलं. भिंगरीने वरचं अक्षर बघितलं आणि माझ्याकडेच बघत राहिली. कागद मी पाठवला होता हे तेव्हा फुटलं. ती रागावणार होती, पण वेळ नव्हता. उघडलं. तुझा कागद, नीट चार घड्या. तिने खाली बघितलं आणि तिचा चेहरा पार उतरला. म्हणाली, "पालकाची जागा कोरी आहे, आजी. त्यांनी केलीच नाही." कागद मिटला, माझ्या मांडीवर ठेवला. "असू दे. मी उतरेन तुझ्याबरोबर." (मी असं म्हणाले होते. पाच मिनिटं खरंच तसं वाटलं होतं.)

  मी उठले, कागद घेतला आणि कारकुनाकडे गेले, ती माझ्या मागे, "आजी, नको, आजी, नको" करत. म्हटलं, बाबा रे, कोरं म्हणजे किती कोरं आहे ते तू एकदा बघ. त्याने कागद सरळ केला, वरपासून वाचला, आणि मध्येच थांबला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

सही होती! वळणदार, ठसठशीत, खाली दोन टिंबं, तारखेसकट. फक्त "विद्यार्थ्याची सही" या रेघेवर. कारकून उभा राहून मोठ्याने म्हणाला, "या कागदानुसार पुढचे सहा महिने एक चष्मेवाला आमच्या बोटीवर राहून समुद्रातले सूक्ष्म जीव शिकणार आहे. त्याच्या पालकांनी मात्र अजून संमती दिलेली नाही." मी म्हटलं, पालक मी आहे, माझी संमती नाही, तो चष्मा हरवतो.

भिंगरी हसली. अरे, काय हसली! जमिनीवरच बसली. पाणीबाई आल्या, कप्तान आला, आचारी झारा घेऊन आला. सगळ्यांना तो कागद दाखवून झाला. मग हसता हसताच तिचे डोळे भरले, म्हणाली, "आजी, बाबांनी केली सही. चुकली, पण केली." मी म्हटलं, तुझ्या बापाने आयुष्यात जे जे मनापासून केलं ते असंच, रेघ चुकवून. (बाबांनी हे मनावर घेऊ नये.)

वाचलंस ना वरचं? "दुकानदार" म्हणायची. आज न सांगता "बाबा" लिहिलंय तिने, लिहिताना पुटपुटते म्हणून मला कळलं.  तू काही बोलू नकोस, नाहीतर लाजेल.

आणि फोनचं. गेल्या तीन आठवड्यांत तुला माझी तब्येत चारदा विचारावीशी वाटली. चारही वेळा मंगळवार किंवा शुक्रवार, चारही वेळा चारचा ठोका. काल कप्तानाने मला जिन्यात थांबवून विचारलं, "आजी, दिसता तर धडधाकट. तुमच्या मुलाला तुमची एवढी काळजी का?" मी खोकून दाखवलं.

माझ्या तब्येतीवर तुम्ही दोघं वीस-वीस मिनिटं बोलता, त्यातलं सहा शिंगांच्या जिवाचं बोलणं किती आणि माझं किती हे मी विचारणार नाही. पण तू तिला म्हणालास म्हणे, "काचेवर थेंब घेतेस तेव्हा काच आधी उलट्या बाजूने पूस, डाग तिथे राहतो." तिने तसं केलं. डाग गेला. पाणीबाईंनी विचारलं, कुणी शिकवलं? तर म्हणाली, "आमच्या दुकानात असंच करतात." आमच्या दुकानात. ऐकलंस? तेव्हा पाटी खरवडू नकोस. "आणि कन्या" असू दे तसंच. कन्या बाहेरगावी आहे एवढंच.

आता काम. कारकून म्हणतो, चुकलेली सही खोडून नवी करायची तर ज्याची सही त्यानेच समोर येऊन करावी लागते. बोट पाच डिसेंबरला सकाळी धक्क्याला लागेल, दुपारी चारला सुटेल. चौघांना घेऊन सुटेल. तू नसलास तर तिघांना घेऊन. तो दिवस कुठला आहे ते मी भिंगरीला बघायला लावलं. रविवार आहे. दुकानात गिऱ्हाईक आहे असं सांगायची सोय नाही.

मी उतरून तुझ्याबरोबर घरी येईन. माझं शिवणयंत्र मी आचाऱ्याच्या बायकोच्या हवाली केलंय, ती पुढच्या फेरीला येतेय. भिंग मात्र परत आणणार नाही. ते आता जाळ्याजवळच राहील, जाळं पुन्हा फाटेल. तू नवं घे.

खाली फणी काढली आहे. दाते कुठे आहेत हे तू इथे येऊन सांग, स्टुलावर मी तुला बसवते.

आणि डबा. दाणे-अंजिरं नकोत, ती अजून तशीच आहेत, भिंगरी म्हणते आता उघडू. लिंबाचं लोणचं आण, मागच्या उन्हाळ्यातलं, माळ्यावरच्या चिनी मातीच्या बरणीतलं. सहा महिने पुरेल एवढं मोठ्या बरणीत भर. झाकणाला फडकं बांध, आचाऱ्याला वास लागला तर महिनाभरही टिकणार नाही. आणि बरणीवर कागद चिकटव. माझं नाव नको. तिचं लिही, पूर्ण, तुझ्या हाताने, चष्मा नाकावर ठेवून.

(बाबा, मिरची जास्त घाला. आणि दोन चमचे आणा, आपण बोट सुटायच्या आधी उघडू.)